साडेसहाचा माणूस

शिडीवाल्यांना मत्सराने गाठलं ते लग्नाच्या तेविसाव्या वर्षी, आणि मत्सर तरी कुणाचा, तर टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाचा. हसू नका. ज्याच्या पोटात दुखतं त्यालाच ते कळतं, आणि शिडीवाल्यांच्या पोटात तर महिनाभर दुखत होतं.

अँटेना बसवणं हा त्यांचा धंदा. खांद्यावर शिडी, कमरेला पाना, पिशवीत सिग्नल मोजायचा मीटर, असे ते तीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढत आले होते. खरं नाव घरच्यांखेरीज कुणाला आठवत नव्हतं. गावाच्या उत्तरेला टेकडीवर एक टॉवर होता आणि दक्षिणेला, चांगलाच लांब, दुसरा. बाकीचे चॅनल दोन्हीकडून सारखेच यायचे. फरक पडायचा तो प्रादेशिक चॅनलचा. उत्तरेच्या टॉवरवर संध्याकाळी साडेसहाला आपल्या भागाच्या बातम्या, दक्षिणेच्या टॉवरवर त्यांच्या भागाच्या. अँटेनाचं तोंड जिकडे, तिकडच्या बातम्या घरात, एवढं सोपं होतं ते. सगळी गल्ली अर्थातच उत्तरेला तोंड करून होती, आणि ती तशी केली होती शिडीवाल्यांनीच.

तर उत्तरेच्या टॉवरवरून साडेसहाला जो बातम्या सांगायचा, तो निवेदक अकरा वर्षं तोच होता. कानाशी पांढरे झालेले केस, दाट भुवया, आणि आवाज असा की पाणीकपातीची बातमीसुद्धा एखादी खुशखबर वाटावी. शिडीवाल्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. सहाला घरी यायची, हातपाय धुवायची, आणि साडेसहाला चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायची. अकरा वर्षं शिडीवाल्यांनी हे पाहिलं आणि कधी मनावर घेतलं नाही. उलट चित्र किती स्वच्छ येतंय याचंच कौतुक. डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. येतं ते चित्र लख्ख येतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि बंद पडतं. आपल्या घरात कधी एक चौकोन फुटला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

मग एकदा मेहुणा दोन दिवस राहायला आला. संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर बसले होते. निवेदक पडद्यावर आला, आणि मेहुण्याने मांडीवर थाप मारून सांगितलं की अरे, हा तर आपल्या ताईला मागणी घालायला आला होता, कॉलेजात नाटकात बरोबर काम करायचे दोघं, ताईनेच नाही म्हटलं म्हणून, नाहीतर आज दाजी तुमच्या जागी हा बसला असता. आणि हसला. बायकोही हसली. म्हणाली, काहीतरीच तुझं, आणि कप ठेवायला आत गेली. शिडीवालेसुद्धा हसले. न हसून करतात काय बिचारे.

मेहुणा गेला, पण बोलणं मागे ठेवून गेला. तेव्हापासून शिडीवाले बातम्या बघेनात, बातम्या बघणाऱ्या बायकोला बघू लागले. तिने पदर सारखा केला की यांच्या मनात आलं, कुणासाठी? ती एकदा एका वाक्याला किंचित हसली. वाक्य सांडपाण्याच्या योजनेबद्दल होतं, त्यात हसण्यासारखं काय होतं ते देव जाणे. त्या माणसाकडे कोट होता, आवाज होता, मऊ हात होते. शिडीवाल्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत गंज, तळव्याला घट्टे, अंगठ्यावर जुना टाका. आणि सगळ्यांत जळजळ कशाची झाली असेल तर याची, की या माणसाला आपल्या घरात आपणच आणून बसवलाय. नुसता आपल्या घरात नाही, गल्लीतल्या प्रत्येक घरात. शिडीवर उभं राहून, मीटर बघून, पाना आवळून.

दहा दिवस जीव जाळून घेतल्यावर एका मंगळवारी दुपारी, बायको दुकानात असताना, शिडीवाले आपल्याच गच्चीवर चोरासारखे चढले. दोन नट सैल केले. अँटेना गरगरा फिरवून दक्षिणेला केली. तो टॉवर लांबचा, म्हणून वर एक बूस्टर बसवला. खाली येऊन चॅनल नव्याने शोधायला लावले. साडेसहाला पडद्यावर एक जाड चष्म्याच्या बाई आल्या आणि कुठल्या तरी लांबच्या धरणाबद्दल बोलू लागल्या.

बायको कप घेऊन आली, उभी राहिली, आणि तिने विचारलं, हे काय? शिडीवाल्यांनी उत्तर पाठच करून ठेवलं होतं. उत्तरेच्या टॉवरचं मोठं काम निघालंय, ताकद कमी केलीय, चित्र फुटायला लागलं म्हणून फिरवून घेतली. किती दिवस? काही सांगता येत नाही, दोन-तीन महिने सहज. ती म्हणाली, “अस्सं.” आणि बसून चष्म्याच्या बाईंकडे बघत चहा प्यायली.

आता तुम्ही म्हणाल, जिंकले शिडीवाले. कसले जिंकतायत. ती चिडली असती, कुरकुरली असती, तर यांना बरं वाटलं असतं. तशा भांडणाचीही तयारी त्यांनी केली होती. ती काहीच बोलली नाही. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या भिंतीतून तो आवाज आला. मास्तरांच्या घरात निवेदक खणखणीत बातम्या सांगत होता. शिडीवाल्यांनी आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला. चष्म्याच्या बाई ओरडायला लागल्या, तरी भिंतीतला माणूस काही गप्प बसेना. बायको खाली मान घालून कपाकडे बघत होती.

दोनच दिवसांनी मास्तर काहीतरी विचारायला दारात आले. निवृत्त शाळामास्तर, आयुष्यभर मुलांना पाढे शिकवून थकलेले, पण उत्साह दांडगा. बायकोने त्यांना बसायला सांगितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाली, मास्तर, टॉवरचं काम चालू झालंय म्हणे, आमचं तर गेलं, तुमचं कसं काय येतंय? आणि नवऱ्याकडे बघत राहिली. शिडीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर म्हणाले, आमचं तर उत्तम आहे की. तेव्हा शिडीवाले म्हणाले, आज आहे, उद्या जाईल, एकेका घराचं जात जाणार. बोलून गेले आणि मग जीभ चावली.

मास्तर हादरले. जाण्याआधीच फिरवून द्या म्हणाले, मला चार दिवस टीव्हीशिवाय बसवणार नाही. आता नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंच नाही. भिंतीतला आवाज बंद होणार होता. शिडीवाले लगेच शिडी घेऊन गेले. एरवी मास्तरांना काय, कुणालाही तीन दिवस खेटे घालायला लावणारा हा माणूस, त्या दिवशी अर्ध्या तासात काम करून खाली उतरला.

मास्तरांनी गल्लीला सांगितलं. गल्लीने शिडीवाल्यांना बोलावलं. या धंद्यातल्या माणसावर लोकांचा विश्वास असतो तो असा: टॉवर कुणी पाहिलेला नसतो, सिग्नल कुणाला दिसत नाही, शिडीवाला सांगेल ते खरं. आठ-दहा दिवसांत चौदा गच्च्यांवरच्या चौदा अँटेना टेकडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शिडीवाले एकेक नट आवळताना मनातल्या मनात त्या निवेदकाला म्हणत होते, चल नीघ. या घरातून नीघ. आता या घरातून. शेवटची अँटेना फिरवून उतरले तेव्हा घामाने भिजले होते आणि खूप दिवसांनी भूक लागली होती.

एक घर तेवढं राहिलं. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर शिलाई मशीन चालवणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांनी शिडीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही, चालतंय तोवर चालू दे, बंद पडेल तेव्हा बघू. त्यांच्याकडे गच्चीवरची अँटेना नव्हतीच. खिडकीत ठेवायची वीतभर अँटेना होती, आणि खिडकी नेमकी टेकडीसमोर. एक म्हातारी, एक मशीन, एक छोटा टीव्ही. शिडीवाल्यांनी तो विषय सोडून दिला.

बायको या सगळ्या दिवसांत संध्याकाळी घरी नसायची. एकदा म्हणाली, मावशींकडे शिवायला टाकलंय, माप द्यायचंय. मग म्हणाली, त्यांना नजर कमी पडते, काज-बटणं करून देते. सहाला यायची, सव्वासहाला जायची, सव्वासातला परत. शिडीवाल्यांना उलट बरंच वाटलं. चला, टीव्हीचं वेडच सुटलं. मत्सराने माणूस एवढा बारकाईने बघतो आणि तरी एवढा आंधळा कसा राहतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात गल्लीचं पाणी गेलं. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती होती, दोन दिवस पुरवठा बंद. आदल्या संध्याकाळी साडेसहाच्या बातम्यांत ते दोनदा सांगितलं होतं, पण ते उत्तरेच्या बातम्यांत. गल्लीने त्या वेळी लांबच्या धरणाची पातळी ऐकली होती. सकाळी हाहाकार झाला. मास्तर तोंडाला साबण लावून जिन्यात उभे होते. कुणाच्या घरात भांडी तशीच, कुणाची मुलं बिनआंघोळीची शाळेत. सगळे एकमेकांना विचारत होते की सांगितलं कसं नाही कुणी.

शिडीवाले मात्र न्हाणीघरात मजेत होते. पिंप काठोकाठ भरलेलं, दोन बादल्या भरलेल्या, वर झाकणं ठेवलेली. बाहेरचा आरडाओरडा ऐकत त्यांनी अंगावर दोन तांबे घेतले. तिसरा तांबा डोक्यावर धरला आणि हात तसाच वर राहिला. पाणी भरून ठेवलंय. काल रात्री भरून ठेवलंय. म्हणजे तिला ठाऊक होतं. हिला कुणी सांगितलं?

उत्तर न्हाणीघरातच मिळालं. गल्लीत उत्तरेला तोंड करून एकच अँटेना उरली होती. शिडीवाले अंग न पुसताच कपडे घालून बाहेर आले. बायको दुकानात निघून गेली होती. दिवसभर त्यांच्याने एक काम झालं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर नुसतेच पाना धरून बसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपण गल्लीतून हाकललेला माणूस, आणि ही रोज चालत त्याच्या दारात जातेय. खोटं सांगून जातेय. काज-बटणं म्हणे.

साडेसहाला ते मावशींच्या घरासमोर उभे होते. दार अर्धं उघडं होतं. मावशी मशीनवर वाकल्या होत्या. बायको स्टुलावर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला खरंच बटणं लावत होती, आणि समोर छोट्या पडद्यावर तो होता. काल पाणी बंद होईल म्हणाला होता, आज पाणी कधी येईल ते सांगत होता, त्याच मऊ आवाजात. बायकोने दोरा दाताने तोडला, मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हसली नाही, पदर सारखा केला नाही, नुसती बघत राहिली, एखादं गणित पुन्हा पुन्हा मांडून बघावं तशी. शिडीवाल्यांना वाटलं आत जावं आणि ती वीतभर अँटेना खिडकीतून बाहेर फेकावी. गेले नाहीत. घरी येऊन अंधारात दिवा न लावता बसले.

सव्वासातला ती आली. दिवा लावला, यांना पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

“कधीपासून जातेस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही अँटेना फिरवलीत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

शिडीवाल्यांनी टॉवरचं काम म्हणून काहीतरी सुरुवात केली, तर तिने हात वर करून थांबवलं. ती रोज सकाळी गच्चीत कपडे वाळत घालते. नटाचा रंग खरवडलेला तिला दिसतो. अँटेना बसवणाऱ्याच्या घरात तेवीस वर्षं काढल्यावर टॉवर बंद पडलाय की घरचा माणूस बिघडलाय, एवढं तरी तिला कळणारच. आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता तो काय तिला ऐकू येत नव्हता? मास्तरांना तिने मुद्दाम विचारलं होतं. वाटलं होतं, दुसऱ्याच्या तोंडावर तरी खोटं बोलवणार नाही. तर यांनी चौदा घरं फिरवली.

शिडीवाल्यांचा चेहरा तापला. पण आतलं दुखणं एवढं होतं की शरम बाजूला राहिली.

“त्याला बघायला जातेस ना?”

“हो. त्यालाच बघायला जाते.”

इतकं सरळ उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते म्हणाले, मग त्याच्याशीच करायचं होतं लग्न. म्हणाले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

ती समोर बसली. रागावली नव्हती, तेच जास्त भयंकर होतं. तिने सांगितलं की त्याचं घर मोठं होतं, बाबा तयार होते, आई तर दिवस मोजत होती. नाही तिने म्हटलं. का म्हटलं, ते मेहुणा सांगून गेला नाही, आणि यांनी विचारलं नाही. तो गोड बोलायचा. कुणाशीही, काहीही, समोरच्याला हवं तेच बोलायचा. नाटकाची तालीम चुकवली की त्याची आजी आजारी पडायची, आणि ती आजी कधीच वारलेली होती. त्याच महिन्यात शिडीवाले तिच्या माहेरी अँटेना बसवायला आले होते. बाबांनी मोठी, महागातली मागितली. हे गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, समोरच्या इमारतीमुळे इथे चित्र नीट येणार नाही, कितीही मोठी लावा, उगाच लावू नका. हातचं काम सोडून शिडी उचलून चालू पडले.

“मी दारात उभी होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, हा माणूस मला कधी खोटं सांगणार नाही. तेवढ्यावर मी तुमच्याशी लग्न केलं.”

शिडीवाल्यांनी घट्ट धरलेला खुर्चीचा हात सोडला.

“अकरा वर्षं तो साडेसहाला दिसतो. रोज त्याच्याकडे बघते आणि मनात म्हणते, बरं झालं, याला नाही म्हटलं. एवढंच. मग कप ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. दिवसभर काउंटरवर उभं राहून पाय दुखलेले असतात, तेव्हा तेवढं बरं वाटायचं.”

“मग?” ते म्हणाले.

“मग काय. महिना झाला, मावशींकडे बसून रोज बघते. बरं झालं, नाही म्हटलं, असं तेच मनात म्हणून बघते.” तिने पिशवी उचलली. “येत नाही हो मनातून.”

एवढं बोलून ती आत गेली. आतून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. शिडीवाले होते तिथेच बसून राहिले. महिनाभर ज्या गोष्टीची भीती बाळगली ती कधीच नव्हती, आणि ती आता होती, आणि ती यांनी स्वतः, एकेका गच्चीवर चढून, आवळून बसवली होती.

सकाळी ते शिडी घेऊन निघाले. आधी मास्तरांचं दार वाजवलं. टॉवरचं काम संपलं असं म्हणता आलं असतं, जिभेवर आलंही होतं, सगळी गल्ली खूश झाली असती. ते म्हणाले, “मास्तर, टॉवरला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो.” का, ते सांगायची गरज नव्हती, पण तेही सांगितलं. मास्तर आधी तापले, साबणाची आठवण काढली, मग इतके हसले की त्यांना बसावं लागलं. दुसऱ्या घरी शिव्या मिळाल्या. तिसऱ्या घरी दार तोंडावर बंद झालं आणि अँटेनाला हात लावू दिला नाही. चौदा घरांत चौदा वेळा तेच वाक्य. दुपारपर्यंत गल्लीतली पोरंटोरंसुद्धा साडेसहाला कोण येतो म्हणून एकमेकांना विचारून खिदळत होती. शिडीवाल्यांनी सगळ्यांत शेवटी आपल्या गच्चीवर चढून आपले दोन नट सैल केले.

संध्याकाळी बायको सहाला आली. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत तिला सगळं कळलं असणार, कारण सगळेच सांगायला टपले होते. तिने हातपाय धुतले. चहा शिडीवाल्यांनीच केला होता, तो तिने घेतला. साडेसहा वाजले. पडद्यावर तो आला, लख्ख, एक चौकोन न फुटता.

शिडीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, पण आता वेगळ्या भीतीने. तिने अर्धा तास त्याच्याकडे टक लावून पाहिलं. बातम्या संपल्या. तिने टीव्ही बंद केला आणि रिकामा कप उचलला.

“आलं मनातून?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. “अजून नाही,” ती म्हणाली, आणि कप ठेवायला आत गेली.